आखाड्यात उतरलेला जॅझ: गँग स्टारच्या दुसऱ्या अल्बमचं प्रकरण

ऑगस्ट १९९० मध्ये दिग्दर्शक स्पाइक ली यांचा ‘मो’ बेटर ब्लूज’ हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. गोष्ट जॅझच्या दुनियेतली, नायक ट्रम्पेटवादक, भूमिकेत डेन्झेल वॉशिंग्टन. शेवटची नामावली पडद्यावर सरकायला लागते तेव्हा मात्र कानावर येतं ते एक रॅप गाणं. ‘जॅझ थिंग’ त्याचं नाव. एक खालच्या पट्टीतला, जराही न चढणारा आवाज जॅझची वंशावळ सांगत जातो. आफ्रिकेतल्या ढोलापासून सुरुवात होते आणि पार्कर, मंक, कोल्ट्रेन अशी नावं येत राहतात. मागे जुन्या तबकड्यांतले तुकडे वाजत असतात आणि सोबतीला सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सॅलिस असतात.

हे गाणं करणारी जोडी म्हणजे गँग स्टार. शब्द आणि आवाज गुरूचा, तबकड्या आणि यंत्रं डीजे प्रीमियरची. तोवर त्यांच्या नावावर एका छोट्या कंपनीने काढलेला एकच अल्बम होता. आता त्यांचं नाव थिएटरमध्ये पोचलं, एक मोठी कंपनी मागे उभी राहिली आणि कपाळावर एक पट्टी चिकटली: जॅझ-रॅपवाले.

पाच महिन्यांनी, जानेवारी १९९१ मध्ये, त्यांचा दुसरा अल्बम आला. ‘स्टेप इन द अरीना’. अठरा ट्रॅक. त्यांत ‘जॅझ थिंग’ नाही आणि एकाही ट्रॅकच्या नावात ‘जॅझ’ हा शब्द नाही.

मी या अल्बमकडे प्रकरण म्हणून बघतो ते यासाठी. ज्या गोष्टीमुळे नाव झालं, जी गोष्ट लोक मागत होते, ती दोन तरुण मुलांनी पुन्हा दिली नाही. आणि तरीही या अल्बमइतकी जॅझची शिस्त मला त्या काळच्या फार थोड्या हिप हॉप रेकॉर्डवर ऐकू येते. हे कसं जमलं, ते गाणी उलगडूनच बघावं लागेल.

दोन गावांचे दोघे

गुरू म्हणजे किथ इलम. जन्म १९६१, बोस्टनच्या रॉक्सबरी भागातला. वडील हॅरी इलम हे बोस्टन म्युनिसिपल कोर्टातले पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. मुलगा अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडला आणि न्यू यॉर्कला रॅप करायला गेला. ‘गुरू’ हे नाव त्याने इंग्रजी आद्याक्षरांतून उलगडून घेतलं होतं. अर्थ साधारण असा, की उपजत देणगी लाभलेला, अमर्याद यमकांचा धनी. आपल्या कानाला या शब्दाचं ओझं निराळं आहे, पण तो ज्या स्वरात बोलायचा तो ऐकला की नाव उसनं वाटत नाही. गँग स्टार त्याने बोस्टनमध्येच सुरू केलं होतं. जुने साथीदार गळत गेले आणि तो एकटा उरला.

प्रीमियर म्हणजे क्रिस्टोफर मार्टिन. टेक्सासचा, ह्यूस्टनजवळच्या प्रेअरी व्ह्यूमध्ये वाढलेला. तिथल्याच विद्यापीठात तो संगणकशास्त्र शिकत होता आणि बाकीचा वेळ तबकड्यांत घालवत होता. त्याची डेमो टेप न्यू यॉर्कच्या वाइल्ड पिच या कंपनीत पोचली. गुरूचा करारही तिथेच होता. जोडी जुळली ती अशी, एका टेपवरून. बालपणीची मैत्री नाही, एक गल्ली नाही, एक शाळा नाही. एकाला साथ हवी होती, दुसऱ्याला आवाज हवा होता.

१९८९ मध्ये वाइल्ड पिचने त्यांचा पहिला अल्बम काढला, ‘नो मोर मिस्टर नाइस गाय’. त्यात ‘वर्ड्स आय मॅनिफेस्ट’ हे गाणं ‘अ नाइट इन ट्युनिशिया’ या डिझी गिलेस्पीच्या रचनेच्या चार्ली पार्करने वाजवलेल्या ध्वनिमुद्रणातल्या तुकड्यावर उभं आहे. त्याच अल्बमवर ‘जॅझ म्यूझिक’ नावाचं गाणं आहे, ज्याचं पुढे नव्याने बांधून ‘जॅझ थिंग’ झालं. अल्बम चुणचुणीत आहे, पण ऐकताना दोन गोष्टी जाणवतात. ड्रमचे आवाज अजून ऐंशीच्या दशकातल्या पार्टीतले आहेत. आणि जॅझ हा त्यांच्यासाठी अजून एक विषय आहे. त्याच्याबद्दल ते बोलतात, त्याचं कौतुक करतात, त्याचा एक ओळखू येणारा तुकडा वर मांडून ठेवतात. पाहुण्यांसाठी शोकेसमधली चांगली कपबशी काढावी तसं.

मागणी काय होती

१९९० चा शेवट आठवून बघा. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत त्या वर्षी रॅपर एमसी हॅमरने २१ आठवडे पहिला क्रमांक अडवून ठेवला होता. मग व्हॅनिला आइस या रॅपरचा अल्बम नोव्हेंबरात वर चढला आणि १६ आठवडे तिथेच बसला. म्हणजे ‘स्टेप इन द अरीना’ दुकानांत आला तेव्हा देशातला सर्वांत खपणारा अल्बम व्हॅनिला आइसचा होता. दुसऱ्या टोकाला पब्लिक एनिमी हा रॅप गट होता. त्यांचे निर्माते डझनभर तुकडे एकावर एक रचून सायरनसारखा गजर उभा करत. दोन्ही टोकांना आवाज भरपूर होता.

या गर्दीत ‘जॅझ’ ही एक सोयीची पाटी होती. स्टेटसासॉनिक या गटाने १९८८ मध्येच जुन्या जॅझ तबकडीच्या तुकड्यावर सॅम्पलिंगची, म्हणजे दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे घेऊन नवं गाणं बांधण्याची, बाजू मांडणारं गाणं केलं होतं. कॅनडातल्या ड्रीम वॉरियर्सनी १९९० मध्ये गाण्याच्या नावातच जॅझ घातला. पाटी लावली की समीक्षक खूश, कॉलेजची पोरं खूश, आणि रॅपला गोंगाट म्हणणारे वडीलधारेही जरा मऊ येत.

मार्सॅलिस घरातच हा वाद चालू होता. न्यू ऑर्लिन्सचे पियानोवादक एलिस मार्सॅलिस यांची ही मुलं. विंटन जॅझच्या परंपरेचे कडवे राखणदार, रॅपवर जाहीरपणे कठोर टीका करणारे. थोरले ब्रॅनफर्ड गँग स्टारच्या जोडीसोबत स्टुडिओत बसले. पुढे १९९४ मध्ये ब्रॅनफर्डनी ‘बकशॉट लफॉन्क’ या नावाने अल्बम केला तेव्हाही प्रीमियरला बोलावलं. एका घराण्यात एक भाऊ दार लावतो आणि दुसरा उघडतो, हे आपल्याकडच्या गायकीच्या घरांत काय कमी झालंय?

गँग स्टारच्या पाठीशी आता क्रिसालिस ही कंपनी होती. मूळ ब्रिटिश, जेथ्रो टलसारख्या रॉक बँडवर वाढलेली. ‘जॅझ थिंग’ चित्रपटाच्या संगीताबरोबर दुसऱ्या कंपनीकडे गेलेलं होतं, त्यामुळे तेच गाणं उचलून घेणं सोपं नसणार, हे मान्य. पण त्याच्यासारखं दुसरं करायला कुणी अडवलेलं नव्हतं. ब्रॅनफर्डशी ओळख होती. दोन-तीन नामवंत वादक बोलवायचे, एखादं ‘जॅझ थिंग, भाग दोन’ करायचं आणि मुखपृष्ठावर सॅक्सोफोन छापायचा, एवढंच बाकी होतं. त्यांनी ते केलं नाही.

कॅलिफोर्निया आणि अंतराळ

अल्बममधली दोन सर्वांत गाजलेली गाणी घ्या आणि त्यांची मुळं शोधा. गंमत तिथेच कळते.

‘चेक द टेक्निक’ सुरू होतं ते व्हायोलिनच्या चढत्या झोताने. हा तुकडा मार्लिना शॉ यांच्या १९६९ च्या ‘कॅलिफोर्निया सोल’ या ध्वनिमुद्रणाचा आहे. गाणं मुळात ॲशफर्ड आणि सिम्पसन या मोटाउन कंपनीच्या जोडीने लिहिलेलं. मार्लिना शॉ स्वतः जॅझ गायिका, आणि ही तबकडी काढली शिकागोच्या चेस कंपनीच्या कॅडेट या शाखेने, जी जॅझसाठी ओळखली जाई. पण या गाण्यात जॅझ म्हणावं असं उघड काही नाही. व्हायोलिनचा थाट आहे, सोल संगीताची ऊब आहे. मूळ गाण्यात ही व्हायोलिनं दार उघडून देतात आणि बाजूला होतात, गायिका आत येते. प्रीमियर त्या दारातच थांबतो. तो चढता झोत तो परत परत फिरवतो, खाली कोरडा, जड ड्रम ठेवतो, आणि गुरू त्या उंबरठ्यावर उभा राहून पूर्ण गाणं म्हणतो. चढण कधीच संपत नाही. मूळ गाणं ज्या सुटकेकडे जातं ती सुटका तो देतच नाही, आणि सगळा ताण तिथून येतो.

‘जस्ट टू गेट अ रेप’ (‘रेप’ म्हणजे रेप्युटेशन, नाव) याचं मूळ आणखी लांब. ज्याँ-जाक पेरी हे फ्रेंच संगीतकार, मोग सिंथेसायझरवर खेळकर धुना करणारे. १९७० च्या त्यांच्या अल्बमवर ‘ई.व्ही.ए.’ नावाची धून आहे. अंतराळवीर यानाबाहेर पडून तरंगत काम करतात, त्याला ही तीन अक्षरं वापरतात. माणूस नुकताच चंद्रावर जाऊन आला होता, आणि ही धून तशीच आहे, वजन नसलेली, थोडी गूढ, खाली मात्र घट्ट ताल. प्रीमियरने ती उचलली आणि तिच्यावर न्यू यॉर्कच्या रस्त्यावरच्या लुटारू पोरांची गोष्ट आली.

मला हा अल्बममधला सर्वांत मोठा क्षण वाटतो, म्हणून जरा थांबतो.

गोष्ट तीन कडव्यांची. पहिल्यात एक लुटारू आहे, बागेत किंवा स्टेशनवर दबा धरून बसणारा. लोक त्याला नावाने ओळखतात आणि त्याला वाटतं हीच कीर्ती. एका पार्टीत तो आणि त्याचा साथीदार कुणाच्या तरी गळ्यातली साखळी हेरतात. दुसऱ्या कडव्यात दहा जण एका पोराला घेरतात. पोरगा घाबरून सगळं काढून देतो आणि पळतो, तरी टोळीतला सर्वांत लहान मुलगा बंदूक चालवतो. का? नाव व्हावं म्हणून. तिसऱ्यात त्या लहानग्याचा दबदबा वाढलेला आहे, पण ज्याला गोळी लागली तो मेलेला नाही, आणि तो परत येतो.

इथे गुरूचा स्वर एकदाही चढत नाही. उपदेश नाही, हळहळ नाही, आरडाओरडा नाही. न्यायाधीशाचा मुलगा निकाल देत नाही, फक्त क्रमाने सांगतो. आणि मागे ती अंतराळातली धून तरंगत राहते, जणू हे सगळं फार वरून कुणीतरी बघतंय. तिथे एखादा करुण सॅक्सोफोन घातला असता तर गाणं लगेच ‘कृष्णवर्णीय वस्तीची दुःखद कहाणी’ झालं असतं, आणि श्रोता मान हलवून मोकळा झाला असता. वजनहीन फ्रेंच धून तसं होऊ देत नाही. दुःख कुठे ठेवायचं ते श्रोत्याला स्वतः ठरवावं लागतं.

याच गाण्यात रोजच्या लुटीसाठी एक शब्दप्रयोग येतो, ‘डेली ऑपरेशन’. पुढच्या वर्षी, १९९२ मध्ये, त्यांच्या तिसऱ्या अल्बमचं नाव तेच झालं.

मग यात जॅझ कुठे आहे

प्रश्न रास्त आहे. सोल गाणं आणि सिंथेसायझरची धून, एवढ्यावर जॅझचा प्रभाव कसा म्हणायचा?

माझं उत्तर असं, की पहिल्या अल्बमवर जॅझ ऐकवण्याची वस्तू होता, दुसऱ्यावर तो कामाची पद्धत झाला. जॅझवाला वादक काय करतो? दुसऱ्याची, बहुधा सर्वांना माहीत असलेली धून घेतो. तिच्यातला एखादा वळसा त्याला खुणावतो. तो तेवढाच धरून बसतो, उलटा-सुलटा करून बघतो, आणि मूळ रचनाकाराला सुचलीही नसेल अशी गोष्ट त्यातून काढतो. प्रीमियर हेच तबकडीवर करतो. फरक एवढा, की त्याचं वाद्य म्हणजे दुसऱ्याचं संपूर्ण ध्वनिमुद्रण, त्यातल्या खोलीच्या हवेसकट.

त्या काळच्या यंत्रांनीही ही शिस्त लावली. न्यू यॉर्कच्या हिप हॉपमध्ये तेव्हा ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० हे सॅम्पलर घरोघरी होतं. बारा बिटचा आवाज आणि सगळं मिळून दहा सेकंदांच्या आसपास स्मृती. दहा सेकंदांत ड्रम, बेस आणि सुरावट बसवायची. म्हणून लोक ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ वर फिरवून तुकडा भरत आणि मग यंत्रात त्याची गती खाली आणत. जागा वाचायची आणि आवाजाला जी खरखर यायची तीच पुढे त्या काळाची खूण झाली. इतक्या थोड्या जागेत काय ठेवायचं यापेक्षा काय टाकायचं हे जास्त कळावं लागतं. पब्लिक एनिमीच्या निर्मात्यांनी टंचाईवर मात करत ढीग रचला. प्रीमियरने टंचाई मान्य केली. ड्रम, एक वाक्यांश, खाली बेस, आणि मधली जागा रिकामी.

मला हिंदुस्थानी मैफल ऐकायची सवय आधीची, हिप हॉप नंतर आलं. म्हणूनच असेल, ‘तोच तोच तुकडा फिरत राहतो’ ही तक्रार मला कधी पटली नाही. तबलजी ठेका धरून बसतो तेव्हा कुणी म्हणत नाही की तो तेच तेच वाजवतोय. आवर्तन फिरत राहतं म्हणूनच गायकाच्या हालचाली दिसतात. लूप हे आवर्तन आहे. त्यावर गुरू काय करतो ते ऐकायचं.

गुरू फार थोडं करतो, आणि तेच अवघड आहे. त्याचा आवाज एकसुरी, हे त्याचे टीकाकार म्हणत आणि तोही नाकारत नसे. पुढे १९९४ च्या अल्बमवर त्याने एक अख्खं गाणंच या विषयावर केलं, की शेवटी बहुतेक सगळं आवाजावर असतं. सूर बदलायचा नाही असं ठरवल्यावर त्याच्याकडे खेळायला उरते ती वेळ. ओळ कुठे सुरू करायची, यमक बारच्या, म्हणजे तालाच्या एका मापाच्या, टोकाला आणायचं की आधीच सोडून द्यायचं, श्वास कुठे घ्यायचा. ‘प्रिसाइजली द राइट राइम्स’ हे गाणं नुसतं यासाठी ऐकावं. घाई नाही. शब्द ठेक्याच्या अंगाला टेकून चालतात, कधी अर्धा पाऊल मागे. नळी एकच ठेवून फुंकरीच्या वजनावर खेळणाऱ्या वादकासारखं ते आहे.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे स्क्रॅच. बहुतेक रॅप गाण्यांत कडव्यांच्या मधे कुणीतरी ध्रुवपद म्हणतं. प्रीमियर ते टर्नटेबलवर बांधतो. दुसऱ्या रॅप तबकड्यांतले दोन-चार शब्द, कधी अर्धाच उद्गार, हाताने मागे-पुढे करत तो त्यांचं वाक्य जोडतो, आणि ते वाक्य गाण्याच्या नावाला उत्तर देतं. म्हणजे गुरूचं कडवं संपलं की प्रीमियरची पाळी. दोघे आळीपाळीने बोलतात, जॅझमध्ये ड्रमर आणि सॅक्सोफोनवाला चार-चार बार वाटून घेतात तसे. पुढच्या दहा वर्षांत न्यू यॉर्कमधल्या कितीतरी रॅपरांच्या गाण्यांवर प्रीमियरची ही सही दिसली. ती या अल्बमवर पक्की झाली असं माझं मत आहे. पहिल्या अल्बमवर स्क्रॅच म्हणजे कसब दाखवणं होतं. इथे त्याला वाक्य बोलता येतं.

आखाडा

अल्बमच्या नावाचं गाणं रोमन ग्लॅडिएटरांची प्रतिमा घेऊन येतं. मायक्रोफोन हे शस्त्र, समोर प्रतिस्पर्धी एमसी म्हणजे रॅपर, चहूबाजूंनी प्रेक्षक. उतर आखाड्यात, मग बघू. आपल्या कलगी-तुऱ्याच्या फडात शाहीर समोरच्या शाहिराला कोडं घालून अडवायचा, ती रग ज्याने ऐकली आहे त्याला हे परकं वाटू नये.

इथे मला एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. ‘जॅझ-रॅप’ या पाटीतून एक सुप्त अर्थ निघत होता, की हे सभ्य रॅप, हे सुशिक्षितांचं रॅप. आखाड्याचं नाव देऊन जोडीने तो अर्थ झटकला. आम्ही दिवाणखान्यातले नाही, आम्ही इथलेच, आणि कुणाशीही दोन हात करू. न्यू यॉर्कमधल्या जॅम सेशनच्या इतिहासाशीही हे जुळतं. १९४० च्या दशकात हार्लेममधल्या क्लबांत रात्री उशिरा वादक एकमेकांना पाडायला जमत, अवघड पट्टी आणि भलती गती काढत, आणि ज्याला झेपत नसे तो वाद्य पेटीत ठेवून खाली उतरे. बीबॉप ही जॅझची शैली तिथे घडली. जॅझ मुळात आखाड्यातलाच होता. मऊ खुर्च्या नंतर आल्या.

‘हूज गॉना टेक द वेट?’ हे गाणं वेगळ्या ताकदीचं आहे. समाजाचा भार कोण उचलणार असा सवाल त्यात आहे, आणि तो नेत्यांना उद्देशून नाही, समोर उभ्या असलेल्या ऐकणाऱ्यालाच आहे. इथे ध्वनी मुद्दाम टोचणारा आहे. सॅक्सोफोनची किंकाळी पुन्हा पुन्हा येते, आणि तिच्यात गोडवा शोधायला गेलात तर सापडणार नाही.

सगळंच तेवढं उंचीचं आहे असं मी म्हणणार नाही. अठरा ट्रॅक जास्त आहेत. प्रेम आणि नात्यांवरची गाणी, त्यातही ‘व्हॉट यू वॉन्ट धिस टाइम?’, बाईकडे संशयानेच बघतात आणि गुरूसारख्या माणसाकडून ते ऐकताना मला त्रास होतो. फुशारकीच्या गाण्यांत अर्ध्यानंतर तीच मांडणी परत येते. हा अल्बम बारा-तेरा गाण्यांचा असता तर त्याची धार आणखी जाणवली असती.

नंतर काय झालं

सप्टेंबर १९९१ मध्ये अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या रॅप गटाचा दुसरा अल्बम आला. त्यांनी एका गाण्यावर माइल्स डेव्हिसच्या जुन्या संचातले बेसवादक रॉन कार्टर यांना प्रत्यक्ष वाजवायला बोलावलं. त्याच महिन्यात माइल्स गेले. मृत्यूपूर्वी ते निर्माता ईझी मो बी याच्यासोबत हिप हॉपच्या तालावर काम करत होते, तो अल्बम १९९२ मध्ये निघाला. मग लंडनच्या अस-थ्री या गटाला ब्लू नोट या जॅझ कंपनीने आपल्या जुन्या तबकड्या वापरायला मोकळीक दिली आणि ‘कॅन्टलूप’ जगभर वाजलं. पाटी आता बाजारात धावायला लागली होती.

डिसेंबर १९९१ मध्ये न्यू यॉर्कच्या संघराज्य न्यायालयात बिझ मार्की या रॅपरच्या विरोधात निकाल लागला. त्याने गिल्बर्ट ओ’सुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला होता. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवात बायबलमधल्या ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेने केली. तिथून पुढे कंपन्या प्रत्येक सॅम्पलची परवानगी आणि किंमत बघू लागल्या. लांबलचक, ओळखू येणारा लूप महाग झाला. प्रीमियरने हळूहळू तुकडे आणखी बारीक केले, एखाद्या पियानोचा एकच स्वर, एखाद्या तंतुवाद्याचा एकच झटका, आणि त्यांतून स्वतःचे वाक्यांश जुळवायला लागला. ‘स्टेप इन द अरीना’ या वळणाच्या अकरा महिने अलीकडचा आहे. ‘चेक द टेक्निक’मध्ये ती व्हायोलिनं अशी ऐसपैस, न लपता वाजतात, त्यामागे हा मोकळेपणाही आहे.

आणि गुरूने आपला जॅझचा ध्यास सोडला नव्हताच. १९९३ मध्ये त्याने ‘जॅझमटॅझ’ काढला. डोनाल्ड बर्डचा ट्रम्पेट, रॉय एअर्सचं व्हायब्राफोन, लॉनी लिस्टन स्मिथ, ब्रॅनफर्ड मार्सॅलिस, कोर्टनी पाइन. प्रत्यक्ष वादक, प्रत्यक्ष वाद्यं, आणि ‘जॅझ’ हा शब्द थेट नावात. हे त्याने स्वतःच्या नावाने केलं. गँग स्टारच्या नावाने नाही, प्रीमियरशिवाय. मला या वाटणीत शहाणपण दिसतं. ज्यांना ती पाटी हवी होती त्यांच्यासाठी वेगळं घर बांधलं आणि मूळ घरावर ती लागू दिली नाही. पुढचे ‘डेली ऑपरेशन’, १९९४ चा ‘हार्ड टू अर्न’ आणि १९९८ चा ‘मोमेंट ऑफ ट्रूथ’ हे अल्बम अधिकाधिक कोरडे, टणक होत गेले. ‘मोमेंट ऑफ ट्रूथ’ला तिकडचं ‘गोल्ड’ मानांकन मिळालं, म्हणजे पाच लाख प्रतींचा टप्पा. या जोडीने गाजावाजा न करता गाठलेली ही उंची आहे.

२००३ च्या अल्बमनंतर दोघे दुरावले. १९ एप्रिल २०१० रोजी गुरू कर्करोगाने गेला. वय ४८.

‘स्टेप इन द अरीना’चा पहिला ट्रॅक ‘नेम टॅग’ नावाचा आहे, अगदी छोटा. त्यात फक्त ओळख करून दिली जाते: हा प्रीमियर, हा गुरू. पहिल्या ऐकण्यात मी तो ओलांडून पुढे जात असे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘वन ऑफ द बेस्ट येट’ आला तेव्हापासून ओलांडत नाही. गुरूने मागे ठेवलेली, कुठेच न आलेली ध्वनिमुद्रणं प्रीमियरच्या हाती आली होती. त्याने तो आवाज सुटा केला, त्याभोवती नवे ड्रम, नवे बेस, नवे तुकडे रचले. एके काळी मार्लिना शॉ आणि पेरी यांच्या तबकड्यांवर जे काम त्याने केलं, ते आता गुरूच्या आवाजावर केलं. कडव्यांच्या मधे स्क्रॅच आहेत, आळीपाळी आहे, आणि मुखपृष्ठावर नाव दोघांचंच आहे: गँग स्टार.